आबांवर हात कुणी ठेवला

कापूरहोळच्या फाट्यावर एका गॅरेजात आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, वीस वर्षं ट्रकखाली पाठ घासली आणि पुढची तीस वर्षं देवाचं काम केलं. या दोन्हींच्या मध्ये एवढंच घडलं, की एक फिरते उपदेशक लुना बंद पडली म्हणून गॅरेजात आले, दुरुस्ती होईपर्यंत बोलत बसले आणि मग वर्षभर येत राहिले. त्यांनी आबांना गुंजवणी नदीच्या डोहात बाप्तिस्मा दिला. शेवटचे आले तेव्हा ते फार थकले होते. ऑइलने माखलेल्या आबांच्या डोक्यावर त्यांनी दोन्ही हात ठेवले आणि म्हणाले, "आता ही माणसं तुझी." त्यानंतर ते कधी दिसले नाहीत. आबांची पाळकदीक्षा ती एवढीच.

आमची मंडळी मोठी नव्हती. कामथडीला आमच्या घरामागे पत्र्याची खोली आहे. तिथे दर रविवारी चौदा-पंधरा घरांतली माणसं उपासनेला यायची. काही वेल्ह्याकडच्या वाड्यांतून एसटीने, तर एक म्हातारी भोंगवलीहून. तिला सगळे मावशीच म्हणायचे. मी भोरला ज्युनिअर कॉलेजात इतिहास शिकवते. आई गेल्यापासून घरात आबा आणि मी दोघंच.

खोलीच्या भिंतीवर एक कापडी तक्ता होता. मी चौथीत असताना परदेशातून आलेल्या एका पाहुण्या उपदेशकाने तो दिला होता, आणि कुणीतरी त्यावर मराठी अक्षरं चिकटवली होती. एका टोकाला येशूचे बारा प्रेषित, दुसऱ्या टोकाला आमच्यासारख्या लहान स्वतंत्र मंडळ्या, आणि मध्ये एक तांबडी रेघ. रेघेवर नावं होती. पॉलिशियन, बोगोमिल, कॅथर, वाल्डेन्सियन. ही सगळी मध्ययुगातली माणसं. मोठ्या अधिकृत चर्चचं न ऐकणारी, त्यासाठी जिवंत जाळली गेलेली. आबा सांगायचे, "खरा बाप्तिस्मा ह्यांनी जपला. ह्याच्या हातनं त्याच्या हातात. आपल्यापतुर आला तो असा." मी ती नावं पाढ्यांसारखी पाठ केली होती. पुढे इतिहासात एम.ए. केलं, पण ती नावं कधी उघडून पाहिली नाहीत. घरातल्या गोष्टी आपण तपासत नाही.

मावशीची गोष्ट आधी सांगायला हवी. तिला एकच लेक. नांदत्या घरून आजारपणामुळे परत पाठवलेली. पोटातला कॅन्सर होता आणि तो फार पुढे गेला होता. आबा दर आठवड्याला भोंगवलीला जाऊन तिच्यापाशी बसायचे. ती स्वतःहून म्हणाली, मला बाप्तिस्मा घ्यायचाय. भावकीने मावशीला तेव्हाच तोडलं. आम्ही तिला टेम्पोतून वेल्ह्याकडे नेलं, प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून डोहापर्यंत उचललं. आबा तिला दोन्ही हातांवर घेऊन पाण्यात उतरले. नंतर मला म्हणाले, "वाळल्या पेंढीवानी हलकी झाली व्हती गं." पंधरा दिवसांनी ती गेली. मावशीने तिला स्वतःच्या बांधालगत पुरलं. त्यानंतर मावशीचं जगणं एका वाक्यावर चाललं होतं. लेक प्रभूकडे गेली, आपण गेलो की भेटेल.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर शहरातून एक बिशप आले. मोठ्या चर्चपैकी कुठले नव्हेत, त्यांची स्वतःचीच एक संस्था होती. जांभळा शर्ट, गळ्यात क्रूस, बोलणं अगदी मऊ. त्यांनी आबांच्या तब्येतीची चौकशी केली. आबांचे हात तेव्हा थरथरायला लागले होते, कपातला चहा सांडायचा. मग सगळ्यांसमोर, अगदी आदराने, त्यांनी विचारलं, "पाळकसाहेब, तुमच्यावर हात कुणी ठेवला?"

आबांनी लुनावाल्या उपदेशकांचं सांगितलं.

"आणि त्यांच्यावर?"

ते आबांनी कधी विचारलंच नव्हतं.

बिशपांनी फ्रेम केलेला एक कागद काढला. वर प्रेषिताचं नाव, खाली दीडेकशे बिशपांची नावं, आणि सगळ्यांत शेवटी त्यांचं स्वतःचं. ते म्हणाले, "प्रेषितांनी हात ठेवून अधिकार दिला. तो हातोहातच पुढे जातो. मध्ये तुटला की संपला. तुमचं मन चांगलं आहे, पण तुम्हाला अधिकार नव्हता. म्हणून तुम्ही दिलेले बाप्तिस्मे धरता येत नाहीत. घाबरू नका. मी पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी येतो. सगळ्यांना पुन्हा देऊ."

आबांनी थरथरत्या बोटाने भिंतीवरचा तक्ता दाखवला. "आमचीबी साखळी हाय, साहेब."

बिशप हसले नाहीत. "मग तिचा पुरावा द्या. मी मान्य करीन."

बिशपांची गाडी गेली तशी माणसं आबांभोवती जमली. आमची लग्नं लागली त्याचं काय, लेकरांवर प्रार्थना केल्या त्याचं काय. मावशी मागे भिंतीला टेकून उभी होती. गर्दी पांगल्यावर ती पुढे आली.

"आमचं पुन्ना करतील," ती म्हणाली. "माझ्या लेकीचं कसं करायचं?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. "ही लिहून देती की पुरावा. इतिहास शिकवती ती."

माझ्याजवळ दोन आठवडे होते. कॉलेजातून रजा काढून मी पुण्याच्या लायब्ररीत जाऊन बसले. पहिल्या दिवशी मला खरंच वाटत होतं की मिळेल. सगळी साखळी नसली तरी चार कड्या तरी मिळतील, तेवढ्यावर काहीतरी उभं करता येईल.

बोगोमिलांपासून सुरुवात केली. बाल्कनातली साधी, गरीब माणसं. पण त्यांच्याबद्दल जे लिहिलं गेलंय त्यात आहे की हे दिसणारं जग सैतानाने घडवलं असं ते मानत. पाण्याचा बाप्तिस्मा त्यांना मान्यच नव्हता. पाणी म्हणजे जड वस्तू, त्याने कसला उद्धार? फ्रान्सच्या दक्षिणेतले कॅथरही तसेच. येशूला खरं हाडामासाचं शरीर होतं हेच त्यांना पटत नव्हतं. आबा तीस वर्षं डोहात उभे राहून जे सांगत आले ते यांनी कानावर हात ठेवून नाकारलं असतं. पॉलिशियनांबद्दल जे कळतं त्यातलं बहुतेक त्यांच्या शत्रूंनी लिहिलेलं. वाल्डेन्सियन मात्र वाचताना मला हायसं वाटलं. दारोदार फिरून आपल्या भाषेत शास्त्र सांगणारे, अगदी लुनावाल्या उपदेशकांसारखे. पण त्यांची सुरुवात बाराव्या शतकातल्या एका व्यापाऱ्यापासून होते, ज्याने सगळं वाटून टाकलं आणि रस्त्यावर उतरला. त्याच्यावर कुणी हात ठेवला नव्हता. आधीच्या कुणाकडून त्याला काही मिळाल्याचा कागद नाही. पुढे त्यांच्यातल्याच काहींनी आपलं मूळ प्रेषितांपर्यंत नेऊन जोडलं, तेही बरंच नंतर. थोडक्यात, ही माणसं एका रेघेवरची नव्हतीच. काही तर एकमेकांना ओळखतही नव्हती. काहींचं एकमेकांशी वैर होतं. त्या त्या काळच्या मोठ्या चर्चने सगळ्यांना पाखंडी म्हटलं, एवढाच त्यांच्यातला सारखेपणा, आणि शेकडो वर्षांनी कुणीतरी त्या सारखेपणावरून तांबडी रेघ ओढली.

मग एका पुस्तकात आणखी एक गोष्ट सापडली. कॅथरांना स्वतःलाच हात ठेवण्याची साखळी होती. प्रेषितांपासून आली असं ते मानत. पण हात ठेवणारा पुढे पापात पडला, तर त्याने ज्यांच्यावर हात ठेवले ते सगळे रद्द, आणि त्यांनी ज्यांच्यावर ठेवले तेही. एकदा पूर्वेकडून त्यांचा कुणी वडीलधारा आला आणि तुमचा हात खरा नाही म्हणून त्याने सगळ्यांवर नव्याने हात ठेवले, असं एका जुन्या कागदात म्हटलंय. तो कागदही खरा की बनावट यावर अभ्यासकांचा वाद आहे. मी पुस्तक मिटून समोरच्या भिंतीकडे बघत बसले. आठशे वर्षांपूर्वीची माणसं आमच्यासारखीच अधांतरी राहिली होती, आणि त्यांच्याकडे आम्हाला देण्यासारखं काहीच नव्हतं.

घरी येऊन ते मी आबांना सांगितलं. ते अंगणात वालाच्या शेंगा सोलत बसले होते. बोटं ऐकत नसल्याने दाणे इकडेतिकडे उडत होते. मी खाली बसून ते वेचत वेचत सगळं सांगितलं. आबा म्हणाले, "म्हंजी एकबी न्हाई?"

"एकही नाही, आबा."

"तुला नीट दिसलं न्हाई आसंल."

"दोन-दोनदा पाहिलं."

बराच वेळ ते शेंगेचं सालपट चुरगाळत राहिले. मग त्यांनी आवाज खाली आणला. आयुष्यात त्यांनी मला खोटं बोलायला सांगितलं नव्हतं. "तू लिही ना. हाय म्हून लिही. सायबाला काय कळतंय? त्या बाईपुरतं तरी लिही."

"आबा, मी असं कसं लिहू?"

"मी पाया पडतो तुझ्या."

आणि खरंच त्यांनी हात पुढे केला. मी झटकन मागे सरले. माझा नकार त्यांना त्यातच कळला. आत जाऊन ते पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. भाकरी दिली तर खायचे, पण मी ताट उचलायला गेले की डोळे मिटून घ्यायचे. मला वाटायचं, लिहून टाकावं. एक कागद तर होता. मी दोनदा लिहायला बसलेही. पहिल्या ओळीपुढे पेन गेलं नाही. त्याला प्रामाणिकपणा म्हणायचं की हट्ट, मला अजून ठरवता आलेलं नाही.

शनिवारी सकाळी मावशी आली. भोरला येऊन, तिथून दुसरी एसटी धरून. हातात पिशवी, पिशवीत घरचे तांदूळ. ती आबांच्या पलंगापाशी जमिनीवर बसली.

"पाळक, पुरावा मिळाला का?"

मी दारात उभी होते. मला वाटलं, आबा हो म्हणतील. त्या क्षणी त्यांनी हो म्हणावं असं मलाही वाटत होतं. ते माझ्याकडे बघतच नव्हते.

"न्हाई मिळाला," ते म्हणाले.

"मंग माझी लेक?"

"मला ठावं न्हाई, बाई."

"तुमीच म्हनला व्हता, प्रभूनं घेतली तिला."

"म्हनलो व्हतो."

"मंग आता काय झालं? पानी तेच, तुमी तेच."

मावशी अर्धा तास वाट बघत बसली. शेवटी तिने पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "येते उद्या." तिला फाट्यावर सोडायला मी गेले. रस्त्यात मी तिला पुस्तकांत वाचलेलं थोडं सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "ती फ्रान्सातली मानसं, त्यांच्यातबी बाया व्हत्या का?" होत्या म्हटलं, पुष्कळ होत्या. "जाळलं त्यास्नी?" हो म्हटलं. एसटी आल्यावर ती मागे न बघता चढली.

रविवारी बिशप आले. खोली गच्च भरली होती, एरवी न येणारेही आले होते. बिशपांनी आबांना विचारलं, पुरावा मिळाला का. आबांनी नकारार्थी मान हलवली. मग मावशी उभी राहिली आणि आपल्या लेकीचं सगळं सांगून म्हणाली, तिचं काय ते सांगा.

बिशपांना वाईट वाटलं हे मी पाहिलं. ते खोटं नव्हतं. "आजी, मेलेल्यांना बाप्तिस्मा देता येत नाही. आपण तिला देवाच्या दयेवर सोपवू. तो दयाळू आहे."

"पर ह्यांनी दिलेला धरत न्हाई ना तुमी?"

"अधिकार नसताना दिलेला नाही धरता येत, आजी."

मावशी खाली बसली. तेवढ्यात आबा उठले. मला वाटलं ते बाहेर जातायत. पण ते पुढे गेले, टेबल धरून सावकाश गुडघे टेकले आणि मान खाली घातली. सत्तरी ओलांडलेला माणूस. म्हणाले, "साहेब, माझ्यापासनं सुरू करा. म्हंजी हे सगळे बिनघोर व्हतील."

बिशपांनी त्यांच्या डोक्यावर पाणी ओतलं, हात ठेवले आणि प्रार्थना म्हटली. खोलीत कुणीतरी रडत होतं. प्रार्थना संपली तेव्हा मावशीचा आवाज आला, मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला.

"पाळक, तुमीबी? आवं मंग माझी लेक एकलीच ऱ्हायली की."

ती चप्पल घालून निघून गेली. आबा गुडघ्यांवर तसेच राहिले. उठायला त्यांना मदत लागते हे विसरून मी जागची हललेच नाही. दोघांनी धरून त्यांना उठवलं. त्या दिवशी अकरा घरांनी टाकीच्या पाण्याने पुन्हा बाप्तिस्मा घेतला. आम्हाला नको म्हणून तीन घरं उठून गेली, ती परत आली नाहीत. मी स्वतः घेतला नाही. कुणी विचारलंही नाही.

आबा त्यानंतर व्यासपीठावर उभे राहिले नाहीत. बिशपांनी आपला एक माणूस नेमला. तो चार-पाच महिने आला, मग त्याचं येणं अनियमित झालं आणि मग थांबलं. काही माणसं नसरापूरला दुसऱ्या प्रार्थनेला जाऊ लागली. काहींनी सगळंच सोडलं. पत्र्याच्या खोलीत आता शेजारचे कांदा पसरतात.

मी मात्र वाचन थांबवलं नव्हतं. का ते मला सांगता येत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत वाचता वाचता मला कळलं की बिशपांच्या यादीसारख्या याद्यांचंही तसंच आहे. सुरुवातीची नावं पहिल्यांदा दिसतात ती बऱ्याच वर्षांनंतरच्या लिखाणात, आणि त्यावरही अभ्यासकांचं एकमत नाही. मधली पुष्कळ शतकं अशी, की मागे जात राहिलं तर कागदच संपतो. आबांची साखळी मी दोन आठवडे एकेक कडी वाजवून तपासली होती. त्या फ्रेममधल्या यादीकडे मात्र एक दिवसही पाहिलं नव्हतं. ती छापील होती, जांभळ्या शर्टातल्या माणसाच्या हातात होती, म्हणून. माझा बाप गुडघ्यांवर बसला होता तेव्हा उभी राहून मला एक प्रश्न विचारता आला असता. "साहेब, तुमचा पुरावा?" एवढाच.

आबांना सांगितलं तेव्हा मी त्यांना घास भरवत होते. हात आता पूर्णच गेलेत.

"आता सांगतीस व्हय?" ते म्हणाले. रागाने नाही. मग थोड्या वेळाने, "मला भोंगवलीला ने."

आम्ही रिक्षा करून गेलो. मावशी गोठ्यात शेण काढत होती. तिने हात धुतले, बाज टाकली, आबांना बसवलं. तिने त्यांना पाळक म्हटलं नाही, काहीच म्हटलं नाही. आबांनीच सुरुवात केली. "बाई, मी चुकलो. तुमच्या लेकीला मी दिलं ते खरं व्हतं. मी नको व्हतं गुडघ्यांवर बसाया त्या दिशी."

"चुकला न्हाई," मावशी म्हणाली. "भ्यालात."

"व्हय. भ्यालो."

"तवा तुमाला ठावं व्हतं का, खरं हाय म्हून?"

आबांनी खूप प्रयत्न केला. मला दिसत होतं की त्यांना हो म्हणायचं होतं. त्यांच्या ओठांवर ते येत होतं आणि परत जात होतं. शेवटी म्हणाले, "न्हाई. तवाबी ठावं नव्हतं. आताबी न्हाई. मला निस्तं वाटतंय."

मावशीने मान हलवली. तिने चहा केला. बशीत ओतून, फुंकून तिने तो आबांना स्वतःच्या हाताने पाजला, मी पुढे झाले तरी तिने बशी मला दिली नाही. पदराने त्यांची हनुवटी पुसली. मग म्हणाली, जनावरं सोडायचीत, तुमी बसा, घाई न्हाई. ती गुरं घेऊन लेकीच्या बांधाच्या बाजूने गेली, आणि आम्ही उन्हं कलेपर्यंत तिची वाट बघत त्या बाजेवर बसून राहिलो.